घडलेला की घडवायचा? २०१८ च्या ड्राफ्टमधले दोन जॉश

एप्रिलमध्ये एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजातले खेळाडू एकेक करून निवडायचा कार्यक्रम, तोंडावर आला, की क्वार्टरबॅकच्या (पास टाकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) शोधात असलेल्या संघाचे चाहते दर वर्षी एकाच प्रश्नाशी येऊन अडतात. कॉलेजातच घडून आलेला मुलगा घ्यायचा, की अंगात दम आहे पण अजून घडवायचा आहे असा? तुम्हीही या वादात कुठल्या बाजूला बसायचं ते ठरवत असाल, तर २०१८ मधले दोन जॉश शेजारी-शेजारी ठेवून बघा. यूसीएलए विद्यापीठाचा जॉश रोझन आणि वायोमिंग विद्यापीठाचा जॉश अ‍ॅलन. त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. बफेलोने अ‍ॅलनला सातव्या क्रमांकावर घेतलं, अ‍ॅरिझोनाने रोझनला दहाव्या. दोन्ही संघांनी त्यासाठी आपले पुढच्या फेऱ्यांमधले पिक (निवडीचे हक्क) देऊन वरची जागा मिळवली होती. मी तेव्हा रोझनच्या बाजूने होतो.

त्याला कारणही होतं. रोझनला पास टाकताना बघणं हा निव्वळ आनंद होता. मोजकी पावलं मागे, खांदे रेषेत, हात दर वेळी त्याच उंचीवरून सुटणार. ३ सप्टेंबर २०१७ चा टेक्सस ए अँड एमविरुद्धचा सामना आठवा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागात) यूसीएलए ४४-१० ने मागे होतं. तिथून ओढत आणलेला सामना शेवटच्या मिनिटात आला, एंड झोन, म्हणजे गुण मिळवायचा शेवटचा पट्टा, दहा यार्डांवर आणि घड्याळ पळतंय. आता चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवणार, असं रोझन हातवारे करून दाखवतो. समोरचा बचाव क्षणभर सैल पडतो आणि हा पठ्ठ्या सरळ एंड झोनमध्ये जॉर्डन लॅस्लीकडे पास टाकतो. ४५-४४. एकट्या रोझनचे ४९१ यार्ड. विशीतल्या मुलाकडे इतकं थंड डोकं असेल, तर आणखी काय तपासायचं, असं मला वाटलं होतं.

अ‍ॅलनची फाइल याच्या नेमकी उलट. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या गावचा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही, म्हणून आधी रीडली कॉलेज आणि तिथून वायोमिंग. २०१७ मध्ये रोझनचे शंभरातले बासष्टहून जास्त पास लागत होते, अ‍ॅलनचे जेमतेम छप्पन्न. त्यात प्रतिस्पर्धी तगडा असला की आणखी पडझड. २०१६ मध्ये नेब्रास्काविरुद्ध पाच इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास), २०१७ मध्ये ऑरेगॉनविरुद्ध २४ पैकी ९ पास आणि फक्त ६४ यार्ड. पण हाताची ताकद अशी, की डावीकडे पळता पळता, पाय नीट रोवलेले नसतानाही तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला चेंडू पोचवायचा.

खरी तुलना इथून सुरू होते. पास चुकला एवढंच आकडा सांगतो, तो का चुकला हे सांगत नाही. चुकीचा माणूस निवडला, तर ती डोळ्यांची चूक, आणि ती सुधारणं फार अवघड. माणूस बरोबर निवडला पण चेंडू डोक्यावरून गेला, तर आधी पाय बघायचे. अ‍ॅलनच्या डोळ्यांच्या चुकाही होत्या, हट्टाने टाकलेले पास होते. पण बऱ्याच वेळा पुढचा पाय लांब पडायचा, गुडघा ताठ व्हायचा आणि चेंडू उंच सुटायचा. पायांची चूक तालमीने जाते. ताकद मात्र तालमीने येत नाही.

रोझनच्या बाबतीत माझी नजर वेगळ्याच ठिकाणी कमी पडली. तो तयार होता, पण उभ्या पॉकेटमध्ये, म्हणजे समोरच्या लाइनमधल्या रक्षकांनी राखलेल्या जागेत. लाइन फुटली तर पळून वेळ काढण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. २०१६ मध्ये खांद्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम सहा सामन्यांतच संपला होता, त्यातूनही मी काही शिकलो नाही. (तो प्रश्न फार विचारतो, फुटबॉल आणि अभ्यास एकत्र जमत नाही असं उघड बोलतो, ही तक्रार मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलाने ‘का’ विचारलं, तर कोचकडे उत्तर असायला हवं.)

अ‍ॅरिझोनात त्याला पहिल्याच वर्षी ४५ सॅक बसले, म्हणजे इतक्या वेळा पास टाकण्याआधीच त्याला पाडलं गेलं. हंगामाच्या मध्यात आक्रमणाचा कोच बदलला, संघ ३-१३ ने संपला, मुख्य कोचही गेला. पुढच्या एप्रिलमध्ये संघाने पहिल्या क्रमांकावर कायलर मरेला घेतलं आणि रोझनला मायामीला धाडलं.

अ‍ॅलनचं पहिलं वर्षही काही भूषणावह नव्हतं. टचडाउन (एंड झोनमध्ये चेंडू पोचवून मिळवलेले गुण) देणारे १० पास, १२ इंटरसेप्शन, शंभरात त्रेपन्न पास. पण त्याच वर्षी त्याने पळत जाऊन आठ टचडाउन केले. हात शिकत होता तोवर पायांनी त्याला मैदानावर टिकवून ठेवलं. ब्रायन डेबोल चार हंगाम त्याचा आक्रमणाचा कोच राहिला. २०१९ मध्ये बफेलोने लाइनची डागडुजी केली, २०२० मध्ये पहिल्या फेरीचा पिक मोजून स्टेफॉन डिग्ज या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) आणलं. पास लागण्याचं प्रमाण ५२.८ वरून ५८.८ आणि मग ६९.२ टक्क्यांवर गेलं. २०२४ च्या हंगामाचा एमव्हीपी (लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू) तोच.

यावरून कुणीही ‘ताकदवान हात घ्या, नेम नंतर येतो’ असा नियम काढू नये. कॉलेजात नेम कच्चा असलेले बहुतेक जण पुढेही कच्चेच राहतात, अ‍ॅलन हा अपवाद आहे. पायांचं मात्र तसं नाही. त्याच ड्राफ्टमध्ये लुईव्हिलच्या लमार जॅक्सनला काही जाणकार रिसीव्हर हो म्हणून सांगत होते. बाल्टिमोरने त्याला पहिल्या फेरीच्या अगदी शेवटच्या, ३२ व्या क्रमांकावर घेतलं आणि २०१९ मध्ये तो एमव्हीपी झाला. पळता येणाऱ्या क्वार्टरबॅकला शिकायला वेळ मिळतो, तो पायच मिळवून देतात.

तेव्हा यंदाच्या मुलांचे निवडक तुकडे बघत बसू नका. प्रत्येकाचा सर्वांत वाईट हरलेला सामना काढा आणि पहिला अर्धा तास चेंडूकडे न बघता फक्त पाय बघा. मग आपल्या संघाची लाइन बघा. ती मोडकी असेल आणि समोर हेच दोघे असतील, तर मी आज डोळे झाकून अ‍ॅलन घेईन. लाइन भक्कम असेल, कोच तीन वर्षं तरी हलणार नसेल, तर मात्र मी अजूनही रोझनसारखा मुलगा घेईन, आणि पहिलं वर्ष त्याला बाकावर बसवून शिकू देईन.