इमेजबर्न: २०१३ नंतर अपडेट नाही, तरी डिस्क लिहायला हेच

डीव्हीडी कोण बर्न करतं आता, असं विचारणाऱ्यांनी घरातली एमआरआयची पिशवी उघडून बघा, पुण्यात अजून कितीतरी ठिकाणी फिल्मसोबत सीडी हातात देतात. शिवाय आमच्याकडे भावाच्या लग्नाच्या डीव्हीडी आणि बाबांच्या कारमधला सीडी प्लेअर. नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह नाहीच, म्हणून पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, यूएसबीवाला रायटर आणला आणि मग सॉफ्टवेअर शोधत बसलो.

एखाद-दुसरी डिस्क लिहायची असेल तर काहीच टाकू नका, विंडोजमधलं पुरतं. आयएसओ फाईल (अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली नक्कल) असेल तर राइट क्लिक करून बर्न, झालं. नुसत्या फायली असतील तर ते विचारतं की पेनड्राइव्हसारखी वापरणार की प्लेअरमधे लावणार, तिथे दुसरं निवडा, नाहीतर काकांच्या जुन्या प्लेअरवर ती चालेलच असं नाही. नीरो हे बर्निंगचं सॉफ्टवेअर एकेकाळी रायटरच्या खोक्यात फुकट यायचं, आता पैसे मोजा आणि वर बर्निंग सोडून बाकीचा पसारा सांभाळा, कशाला?

ऑडिओ सीडीला मात्र सीडीबर्नर एक्सपी. नावात एक्सपी असलं तरी पुढच्या विंडोजवर चालतं, फुकट आहे, गाणी ओढून टाकायची आणि दोन ट्रॅकमधली गॅप काढून टाकता येते. मैफलीचं रेकॉर्डिंग तुकड्यांत असेल तर ही गॅप फार त्रास देते, विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधेच दोन सेकंद सन्नाटा म्हणजे बाबांच्या कपाळावर आठ्या.

बाकी सगळ्याला इमेजबर्न. दिसायला अगदी सरकारी फॉर्म, पण लिहून झालं की व्हेरिफाय करतं, म्हणजे पूर्ण डिस्क परत वाचून मूळ फायलींशी ताडून बघतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो, लागू दे. बिनब्रँडच्या स्वस्त डिस्क 'बर्न सक्सेसफुल' म्हणून बाहेर येतात आणि व्हेरिफायला उताण्या पडतात, ते तिथल्या तिथे कळलेलं बरं. १६एक्सच्या, म्हणजे मूळ वेगाच्या १६ पटीपर्यंत लिहिता येणाऱ्या डिस्कला मी स्पीड ८एक्स ठेवतो. आणि सगळं नीट झालं की एक छोटीशी ट्यून वाजवतं, शेजारच्या खोलीत चहा पीत बसलं तरी कळतं. फक्त इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका, २.५.८.० च्या इन्स्टॉलरमधे दुसरीच सॉफ्टवेअर गळ्यात मारायचा प्रकार होता, प्रत्येक टिक वाचा. लिनक्सवाल्यांना केथ्रीबी हे बर्निंग सॉफ्टवेअर आहेच, ते सुखी लोक आहेत.

आता डिस्कचा उपयोग किती? रोजच्या बॅकअपला नाही. ४.७ जीबीची डीव्हीडी, विंडोज दाखवणार ४.३८ (फसवलं नाहीये, मोजायची पद्धत वेगळी), फोनवर फोरके शूट केलं तर अर्ध्या तासाच्या आत भरते. पण एकदा लिहून बंद (फायनलाइझ) केलेल्या डीव्हीडी-आरवरचं व्हायरस पुसू शकत नाही की रॅन्समवेअर लॉक करू शकत नाही, म्हणून निवडक फोटो आणि स्कॅन केलेले घराचे कागद मी हार्डडिस्कशिवाय डिस्कवर पण ठेवतो. टिकण्याचं म्हणाल तर साध्या डिस्कमधे सेंद्रिय डाय (डेटा ज्यावर लिहिला जातो तो रंगाचा थर) असतो, उन्हात आणि दमटपणात खराब होतो, त्यामुळे खिडकीजवळच्या शोकेसमधे नको. एम-डिस्क वेगळी, कंपनी हजार वर्षांचा दावा करते, तपासायला कोण थांबणार ते सोडा. वरून गोल स्टिकर चिकटवू नका, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांची ही आवडती सवय, स्टिकर एका बाजूला सुटला की डिस्क ड्राइव्हमधे थरथरते.

घ्यायच्या तर आत्ताच घेऊन ठेवा. डिस्क बनवणारी आपली मोझर बेअर २०१८ मधे लिक्विडेशनमधे गेली, सोनीने फेब्रुवारी २०२५ मधे रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणं थांबवलं, दुकानदारही आता डिस्क मागितली की वर बघतो.

इमेजबर्नला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या इन्स्टॉलरचा कापला.