फोंड्यातील शनिवारचा मुलींचा गट : वर्षभराचा अनुभव

आमची 14 वर्षांची मुलगी गेल्या जूनपासून फोंड्यातील एका केंद्रात, शनिवारी सकाळी भरणाऱ्या मुलींच्या गटात जाते. चारचौघांत कसे वावरायचे, हे तिथे शिकवतात. तिला फ्रॅजाइल एक्स हा जन्मजात जनुकीय विकार आहे. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातील सीजीजी ही तीन अक्षरे 200 हून अधिक वेळा पुन्हापुन्हा येत असल्याने मेंदूच्या जडणघडणीला लागणारे प्रथिन तिच्यात पुरेसे तयार होत नाही. मुलींना दुसरा एक्स बराचसा सावरून घेतो, म्हणून बौद्धिक अडचण मुलग्यांच्या मानाने सौम्य असते; माणसांचे दडपण मात्र पाठ सोडत नाही. शाळेतून नेहमी ‘गुणी आहे, कसलाच त्रास नाही’ एवढेच कानावर येई आणि आम्हीही त्यावर निर्धास्त होतो. ते गुणीपण नसून भीती आहे, हे पहिल्यांदा या गटातील ताईंनी ओळखले.

‘माझ्याकडे बघून बोल’ असे इथे कोणी म्हणत नाही. ताई शेजारी बसतात, दोघींच्या हातात काही काम असते आणि बोलणे ओघात निघते. गणेश चवथीच्या आधी तर माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची सजावट) बांधता बांधता घरी कोण येणार, काय विचारणार, नकोसे झाले की कोणत्या खोलीत जायचे, याची चक्क तालीम झाली. गटातील विल्यम्स सिंड्रोम हा दुसरा जनुकीय विकार असलेल्या मुलीचे नेमके उलटे आहे. ती अनोळखी माणसालाही मिठी मारते. जमिनीवर खडूने काढलेल्या एकाच वर्तुळात एकीला पुढे यायला आणि दुसरीला थांबायला शिकवतात. दोघींनाही ‘नको’ म्हणता यावे, यावर भर असतो, आणि मला वाटते, वयात येणाऱ्या मुलींसाठी याहून निकडीचे काही नाही.

उणिवाही आहेत. श्रावणात शेजारच्या खोलीत घुमटआरतीचा, म्हणजे घुमट या तालवाद्याच्या साथीने म्हणायच्या आरत्यांचा, सराव चाले आणि आमची मुलगी कान दाबून बसे. खोली बदलून मिळायला तीन आठवडे गेले. पालकांशी बोलणे दारातच, चपला घालता घालता उरकले जाते. शिवाय वयाच्या 18 वर्षांनंतर गट नाही.

शुल्क परवडणारे आहे. गेल्या आठवड्यात दारात पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला, तेव्हा ती एकटी बाहेर गेली आणि टोपलीकडे बघत म्हणाली, ‘पाच उंडे.’ उंडे म्हणजे गोल पाव. सुटे पैसे मोजूनही घेतले.