पिकांसाठी, जंगलासाठी सॅटेलाइट डेटा घ्यायचाय? आधी गुंठे मोजा

डेटा कुठला घेऊ असं विचारणारे बरेच जण आधी रिझोल्यूशनवर (फोटोतला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, किती जमीन झाकतो यावर) अडतात, पण माझ्या मते पहिला प्रश्न आपला तुकडा केवढा हाच आहे, आणि तो गुंठ्यात मोजला की अर्धा निर्णय तिथेच होतो.

प्रोबा-व्ही हा उपग्रह घ्या. युरोपियन स्पेस एजन्सीने मे 2013 ला सोडलेला, वजन साधारण 140 किलो, म्हणजे वॉशिंग मशीनपेक्षा थोडाच मोठा, आणि एवढासा असून एका फेरीत 2250 किलोमीटरचा पट्टा बघायचा त्यामुळे दोन दिवसांत जवळपास सगळी पृथ्वी व्हायची. पण 300 मीटरचा पिक्सेल म्हणजे 22 एकर! त्याच्या तीन कॅमेऱ्यांपैकी मधल्याचा 100 मीटरचा पिक्सेल धरला तरी अडीच एकर, म्हणजे दोन एकरवाल्याचं शेत शेजारच्या उसासकट एकाच ठिपक्यात. प्लॉटसाठी उपयोग नाही. सह्याद्रीतली पानगळ किंवा मराठवाड्यातलं दुष्काळी वर्ष जिल्ह्याच्या पातळीवर बघायचं असेल तर मात्र हा डेटा सोडू नका, कारण स्पॉट या आधीच्या उपग्रहांवरच्या व्हेजिटेशन कॅमेऱ्याने 1998 पासून सुरू केलेली मालिका यानेच पुढे नेली. फक्त याला इंजिन नव्हतं, त्यामुळे डोक्यावरून जायची वेळ हळूहळू सरकत गेली आणि जून 2020 ला नियमित काम थांबलं.

दुसरं टोक म्हणजे प्लॅनेट कंपनीचे डव्ह नावाचे छोटे उपग्रह. 10 बाय 10 बाय 30 सेंटिमीटर, पाचेक किलो. फेब्रुवारी 2017 ला आपल्या पीएसएलव्हीने एका दमात 104 उपग्रह सोडले ना, त्यातले 88 हेच होते. 3 मीटरचा पिक्सेल, म्हणजे एका गुंठ्यात अकरा, आणि जवळपास रोज फोटो. द्राक्षाच्या छाटणीनंतर फूट कशी येतेय हे बघायला रोजचा फोटो खरंच लागतो. पण पैसे मोजावे लागतात, आणि इतके वेगवेगळे कॅमेरे असल्यामुळे कालचा आणि आजचा आकडा डोळे झाकून शेजारी ठेवता येत नाही, आधी जुळवून घ्यावे लागतात. शिवाय पानातलं पाणी दाखवणारा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड बँड (बँड म्हणजे कॅमेरा वेगळा टिपतो तो प्रकाशाचा ठराविक भाग) यात नाही, जो चिमुकल्या प्रोबात होता.

मोठ्या उपग्रहांपैकी युरोपचा सेंटिनेल-2, टनाच्या वर वजन, 13 बँड, पाच दिवसांनी फेरी, पूर्ण फुकट. 10 मीटरचा पिक्सेल म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा! एकरात चाळीस ठिपके, कडेचे काढून टाकले तरी पुरेसे उरतात. शॉर्टवेव्हही आहे, 20 मीटरला. ऊस, कांदा, हरभरा, रब्बीचं काहीही असो, मी याच्यापासूनच सुरुवात करायला सांगेन, डव्हचे पैसे पाच दिवस थांबणं परवडत नसेल तेव्हाच घाला.

खरिपासाठी विचारत असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, जून ते सप्टेंबर ढगांखाली तिघांनाही दिसत नाही, तिथे ढगांतूनही बघणारं सेंटिनेल-1 चं रडारच घ्या, तेही फुकटच आहे.