ओल्ड स्कूल रूनस्केप : जुन्या मुलखाची नवी फेरी

केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने २००१ साली सुरू केलेला रूनस्केप हा अनेकांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन साहसखेळ सदाशिव पेठेतल्या सायबर कॅफेत, क्लासला दांडी मारून, खेळलेल्यांना त्याची ‘ओल्ड स्कूल’ ही आवृत्ती ओळखीची वाटेल, कारण २०१३ मध्ये ती २००७ सालच्या खेळावरूनच उभी करण्यात आली. खेळातल्या लंब्रिज गावच्या किल्ल्याजवळच्या कोंबड्या आणि व्हॅरॉक शहरातल्या बँकेतील गर्दी जागच्या जागी आहे. वाइल्डरनेसचा, म्हणजे खेळाडूंना एकमेकांवर हल्ला करता येणाऱ्या रानाचा, थरारही ओसरलेला नाही: तिथे दुसऱ्या खेळाडूने मारले, तर एरवी सर्वांत मौल्यवान तीनच वस्तू वाचतात, आणि मित्रांच्या भरीस पडून महिनाभराची कमाई अंगावर चढवून तिकडे जाणे हा आमचा (शुद्ध मूर्खपणाचा) पराक्रम असे.

खेळ मात्र कमालीचा संथ आहे. एखादे कौशल्य ९९व्या पातळीवर न्यायला सुमारे १ कोटी ३० लाख गुण लागतात आणि ९२व्या पातळीला त्यातले जेमतेम निम्मे झालेले असतात; नोकरीधंद्यातल्या माणसाने हे आधीच ध्यानात घ्यावे. २०१८ पासून तो मोबाइलवरही मिळत असल्याने स्वारगेटला पीएमपीची वाट पाहताना खेळातले मासे पकडता येतात. मोफत भाग आठवणी जागवायला पुरेसा आहे. सशुल्क सदस्यत्व मित्रांची जुनी टोळी पुन्हा जमली तरच घ्यावे.