पुण्यातले दोन नर्सिंग ब्युरो: २४ तासांची ड्युटी आणि बदलीच्या मावशी

सिंहगड रोड, वारजे, कोथरूड या पट्ट्यात घरी रुग्णाजवळ माणूस ठेवण्यासाठी ब्युरो शोधत असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. आम्ही दोन ब्युरोंची सेवा घेतली. दोघांचीही नावं देत नाही. या धंद्यात माणसं या ब्युरोतून त्या ब्युरोत फिरत असतात, त्यामुळे नावापेक्षा कामाची पद्धत बघितलेली बरी.

रुग्ण म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वय ८१. पक्षाघातात डावी बाजू गेली, गिळणं बिघडलं. हॉस्पिटलने राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातली नळी, तशीच ठेवून घरी सोडलं. वजन ७०च्या पुढे. घरात मी, आई आणि भाऊ. आईचे गुडघे गेलेले, आम्ही दोघं नोकरीवर.

पहिला ब्युरो मिळाला तो वॉर्डातच कुणीतरी दिलेल्या कार्डावरून. नोंदणीचे ३,००० रुपये, ते परत मिळत नाहीत. २४ तासांचे रोजचे १,१०० आणि पंधरा दिवसांचे आगाऊ. मावशींचं जेवण, चहा-नाश्ता आपल्याकडे. या ११०० मधले मावशींच्या हातात ७०० पडतात, हे पुढे त्यांच्याचकडून कळलं.

त्या मावशी परभणीकडच्या. कुठलाही कोर्स केलेला नव्हता, पण दहा-बारा वर्षं हेच काम केलेलं, आणि ते त्यांच्या हातात दिसायचं. दादांना वर सरकवताना त्या कधी काखेत हात घालून ओढायच्या नाहीत. अंगाखाली एक आडवी चादर कायम असायची. एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने आमच्यातलं कुणीतरी, आणि चादरीसकट माणूस वर. लुळा हात धरून ओढला तर खांद्याचा सांधा निसटतो, हे फिजिओथेरपिस्टने आम्हाला नंतर सांगितलं. मावशींना ते आधीच ठाऊक होतं. कुशीवर वळवल्यावर दोन गुडघ्यांत उशी, पोटऱ्यांखाली आणखी एक, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. रोज अंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, घोटे बॅटरी लावून बघायच्या. एअर बेड होता, तरी दर दोन तासांनी कूस बदलायच्या. 'हवेची गादी हाय म्हनून पाठ सोडून देता येत नाही ताई,' असं म्हणायच्या. या बाईंच्या कामाला पाचपैकी पाच. ब्युरोबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही.

गावी सासऱ्यांचं दहावं-तेरावं निघालं म्हणून मावशी आठवड्यासाठी गेल्या. आठ दिवस आधी त्यांनी ब्युरोला कळवलं होतं. बदलीच्या बाई आल्या संध्याकाळी सातला, पहिल्या मावशींची बस दुपारीच सुटल्यावर. त्यांना मिळालेली माहिती एवढीच: 'पेशंट जेन्ट्स, बेडरिडन.' नळी आहे हे घरी आल्यावर कळलं. रात्रीचं फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, त्यांनी दादा सपाट झोपलेले असतानाच सुरू केलं. मी शेजारी होते म्हणून लगेच थांबवता आलं. नळीतून काहीही देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायला हवी. नाहीतर पोटातलं उलटून श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. या वयात तो जिवावर बेततो. देण्याआधी सिरिंजने थोडं ओढून बघायचं, नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण सरकलेली नाही ना हे बघायचं, शेवटी स्वच्छ पाणी सोडायचं. हे त्या बाईंना कुणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या माकडहाडापाशी स्पिरिट आणि पावडर लावून जोरात चोळत होत्या. मनाने चांगल्या होत्या, मेहनती होत्या, आणि वर्षानुवर्षं असंच करत आल्या होत्या. पण लाल झालेली जागा चोळली की आतली नाजूक कातडी आणखी दुखावते.

ब्युरोला फोन केला. उत्तर आलं, 'मॅडम, पसंत नसतील तर उद्या दुसऱ्या पाठवतो.' माझी तक्रार पसंतीची नव्हती. दुसऱ्या आल्या असत्या त्याही तितक्याच कोऱ्या. घरी येऊन कुणी बघितलं नाही, नर्स पाठवली नाही, चार ओळी लिहूनही घेतल्या नाहीत. म्हणून माझं मत असं झालं आहे की ब्युरो जोखायचा तो बदलीच्या दिवशी. नेहमीच्या मावशी चांगल्या निघणं हे आपलं नशीब असू शकतं. बदलीची बाई तयार होऊन येते की नाही, हे पूर्णपणे ब्युरोचं काम आहे.

दुसरा मुद्दा रात्रीचा, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. मधे डायपर. सकाळी सातला फीड. दिवसभर राबलेल्या बाईने हे रोज, महिनोन्महिने करायचं, असं त्या २४ तासांच्या ड्युटीचं गणित आहे. कुणालाही ते झेपणार नाही. परभणीच्या मावशी परत आल्यावर महिन्याभरात त्यांचे डोळे खोल गेले, आणि एका सकाळी दादांच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. ही बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. मावशी रडायला लागल्या. दोनचा आणि चारचा गजर ऐकूच आला नाही म्हणाल्या. मी ब्युरोचा कागद पुन्हा काढून वाचला. २४ तास मावशी घरात असतील, एवढंच त्यात होतं. त्यांनी झोपायचं कधी, हे कुठेच नव्हतं. विचारलं तर 'ते घरच्यांनी ॲडजस्ट करायचं असतं.'

आम्ही रात्र वाटून घेतली. बारापर्यंत मी, दोनला आणि चारला भाऊ, आणि मावशींना रात्री दहा ते पहाटे पाच आतल्या खोलीत सलग झोप. डाग दहा दिवसांत गेला. ज्यांना २४ तासांचीच सेवा परवडते त्यांनी निदान एवढं करावं, असं मी अगदी कळकळीने सांगते. मावशींची झोप हा रुग्णाच्या औषधपाण्याचाच भाग आहे.

मावशी पुढे मुलीच्या बाळंतपणाला गावी गेल्या आणि आम्ही ब्युरो बदलला. इथे आधी आल्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या सिस्टर. तासभर बसल्या. डिस्चार्ज कार्ड वाचलं, पलंगाची उंची बघितली, बाथरूमच्या दारातलं पायपुसणं काढायला लावलं, एअर बेडचा पंप इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्यायला सांगितलं. कपाटावर तक्ता चिकटवला: वेळ, कूस, फीड किती मिली, लघवी, शौच, बीपी. अटेंडंटच्या फाइलमध्ये आधार, पोलीस व्हेरिफिकेशनची प्रत आणि हेपॅटायटिस बीच्या लसीची नोंद होती. एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली: इंजेक्शन देणं, नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं ही कामं अटेंडंट करणार नाहीत, त्यासाठी नर्स येईल, एका भेटीचे ५०० रुपये. पहिल्या ब्युरोत सगळ्यांनाच पांढरा कोट असायचा, त्यामुळे कोण काय शिकलंय ते कळायचंच नाही. नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. नर्स म्हणून कुणी येत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या नर्सला त्याचा राग येत नाही.

ड्युटी बारा-बारा तासांची, आठ ते आठ. जाणारी आणि येणारी अर्धा तास एकत्र असतात आणि तक्त्यावरून बोलतात. सुपरवायझर न कळवता येतात. आमच्याकडे आल्या तेव्हा अटेंडंट ताईंना जेवण कुठे देता, रात्री बसायला पाठ टेकेल अशी खुर्ची आहे का, घरची भांडी-धुणी सांगत नाही ना, हेही विचारून गेल्या. आईला ते थोडं लागलं. मला आवडलं. आमच्या रात्रीच्या ताईंना आधीच्या एका घरात वेगळा कप आणि दाराबाहेर ताट होतं, असं त्या सांगत होत्या. अशा घरात कुणाचं लक्ष रुग्णावर राहणार?

उणिवा याही ब्युरोत आहेत. एका शिफ्टचे ९५० रुपये, म्हणजे महिन्याला ५७,००० आणि वर नर्सच्या भेटी. दादांची पेन्शन आणि आमचे दोघांचे पगार मिळून हे कसंबसं चाललं आहे, आणि बहुतेक घरांना ते जमणार नाही हे मला ठाऊक आहे. नर्स सांगितलेल्या वेळेला एकदाही आली नाही. करारात दागिने आणि रोख रकमेची जबाबदारी ब्युरोची नाही असं ठळक छापलंय. उचलताना रुग्ण पडला किंवा अटेंडंटच्या पाठीला दुखापत झाली तर काय, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. ते कलम घाला म्हणून मी मेल केला, अजून उत्तर नाही.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, गार्डची पडताळणी आणि प्रशिक्षण लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नाकातल्या नळीत अन्न घालणारी बाई पाठवणाऱ्या आमच्या दोन्ही ब्युरोंच्या पावतीवर शॉप ॲक्टचा नंबर तेवढा होता. याचा मला संताप येतो. हे बदलत नाही तोवर आपल्या हातात आहे ते म्हणजे पावती घेणं, बोलणं लेखी ठेवणं, आणि पैशांवरून फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.

पहिल्या ब्युरोला मी दोन तारे देते, दुसऱ्याला चार. दिवाळीत दिवसाच्या ताईंना चार दिवस गावी जायचंय, तारखा ब्युरोने आताच विचारून घेतल्या आहेत. बदलीच्या ताई आदल्या दुपारी येऊन दोन फीड स्वतः देऊन बघणार आहेत, तेव्हा सिस्टरही असतील. त्या जादा अर्ध्या दिवसाचे पैसे ब्युरो आमच्याकडून घेणार आहे, आणि ते मी देणार आहे.