चार फ्लोरिनचा निळा

फ्लॉरेन्समधल्या एका रंगशाळेत जुन्या चित्रांतला निळा रंग बनवायचा दिवसभराचा वर्ग केला. लाजवर्द (लॅपिस लाझुली) हा निळा दगड कुटायचा, ती पूड राळ-मेणाच्या गोळ्यात मळायची आणि राखेच्या क्षारपाण्यात दाबत निळा सोडवायचा. पहिला निघतो तो गडद, शेवटचा राखाडी. चित्रकलेवर जुनं हस्तपुस्तक लिहिणाऱ्या चेन्नीनीने गोळा किमान तीन दिवस मुरवायला सांगितलंय. आम्हाला तयारच दिला, ही एक उणीव. मग जवसाच्या तेलात तासभर घोटणं. मनगटं भरून आली तेव्हा कुठे चमचाभर रंग!

चित्रकार गिर्लांदायोच्या एका चित्राच्या १४८५ च्या करारात औंसाला सुमारे चार फ्लोरिनचा (फ्लोरिन म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं) निळा लिहून घेतला होता (चित्र तेलातलं नाही, टेम्पेरातलं, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचं; पण निळा हाच). दुसऱ्या दिवशी इन्नोचेंटी संग्रहालयात ते चित्र पाहिलं. मेरीच्या झग्यासमोरून पाय हलेना. वर्ग जरूर करा.