दुःखाच्या सपोर्ट ग्रुपचे सात महिने आणि तो चार मिनिटांचा टायमर

मागच्या रविवारी आमच्या ग्रुपमधला, प्रत्येकाला बोलायला चार मिनिटं मोजून देणारा टायमर बंद पडला. त्या एका तासात जे झालं त्यामुळे, ज्या गोष्टीवर मी सात महिने चिडत होतो तिच्याबद्दलचं माझं मतच बदललं, म्हणून आता एकदाचं सगळं लिहून काढतोय. सपोर्ट ग्रुप म्हणजे काय, गोल करून बसतात, बोलायचं नसेल तर नुसतं बसलं तरी चालतं, आतलं बाहेर काढायचं नाही, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. ते परत सांगत नाही.

थोडं मागचं सांगतो. माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी गेला. हार्ट अटॅक, वय ३९. पहिले तीन महिने मी त्याची बँकेची कामं, कागदपत्रं, आईचं बघणं यातच होतो आणि सगळे म्हणायचे की किती धीराने घेतलंस. चौथ्या महिन्यात त्याच्या फोनवर रिचार्ज संपल्याचा मेसेज आला. फोन माझ्याकडेच आहे. तो मेसेज वाचला आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो, आणि कुणाला फोन करावा तेच कळेना, कारण असं काही झालं की मी आजवर त्यालाच फोन करत आलोय. रिचार्ज केला आणि त्याच रात्री ग्रुप शोधायला लागलो.

पहिला ग्रुप पैसे भरून घेतला होता, त्याबद्दल आधी सांगतो कारण तो राग अजून गेलेला नाही. मी पैसा जपून खर्च करणारा माणूस आहे. पण तेव्हा वाटलं की फुकट मिळतं ते काय कामाचं असणार, पैसे भरले की निदान शिस्त असेल. आठ सेशनचे पैसे आधीच घेतले. पहिल्याच दिवशी हॉलमध्ये २६ माणसं. प्रत्येकाला एक फॉर्म दिला आणि दुःखाच्या पाच टप्प्यांपैकी तुम्ही आज कुठल्या टप्प्यावर आहात तिथे खूण करा म्हणून सांगितलं. नकार, राग, नशिबाशी घासाघीस, नैराश्य, स्वीकार. दर वेळी तोच फॉर्म. तिसऱ्या वेळी मी स्वीकारावर खूण केली, तर ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. माझ्या भावाला जाऊन पाच महिनेही झाले नव्हते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले, आणि तेही जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकामागून एक चढायचे नाहीत. म्हणजे मी उगाच तीन आठवडे स्वतःला विचारत बसलो होतो की मला राग का येत नाहीये, माझं काही चुकतंय का. ज्या ग्रुपमध्ये तुमचं दुःख तक्त्यात बसवायला सांगतात तिथे जाऊ नका. उरलेल्या पाच सेशनचे पैसे मागितले तर उत्तर आलं की रिफंड नाही, हवं तर तुमच्या ओळखीतल्या दुसऱ्या कुणाला पाठवा. मी त्यांना सहा मेल केलेत. शेवटच्या तिन्हींना उत्तरच नाही.

आता दुसरा ग्रुप, जिथे मी अजून जातोय. हा हॉस्पिटलमधून कळला. भावाचा एक रिपोर्ट आणायला गेलो होतो, तिथल्या समाजसेवा विभागात सहज विचारलं तर त्या मॅडमनी ड्रॉवरमधून एक कागद काढून दिला. दोन महिने मी फोनवर शोधत होतो आणि पत्ता तिथे होता. म्हणून शोधणाऱ्यांना सांगतो, मोठ्या हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, मानसोपचार विभागात विचारा, शेवटच्या आजाराच्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र असेल तर तिथे नक्की विचारा कारण त्यांच्याकडे घरच्यांसाठी गट असतो किंवा कुठे आहे ते माहीत असतं. जाहिरात करायला या ग्रुपांकडे पैसे नसतात. आणि जायच्या आधी फोन करून विचारून घ्या की माणसं किती असतात, कधीही आलं तर चालतं की ठरलेलीच माणसं असतात, चालवणाऱ्याने ट्रेनिंग घेतलंय का, कुणी फार कोसळलं तर काय करतात. पैसे घेत असतील तर मध्येच सोडल्यास परत मिळतात का. या शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडे आधी पैसे भरू नका.

इथे फी नाही. दाराशी एक डबा आहे, जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. फुकट म्हणजे कमी दर्जाचं असं मला वाटत होतं ते पूर्ण चुकीचं होतं हे कबूल करतो. हा प्रकारच मुळात परवडत नसलेल्या माणसांसाठी सुरू झाला. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना, ज्यांना सॅनेटोरियमचा, म्हणजे क्षयरोग्यांच्या खास रुग्णालयाचा, खर्च झेपत नव्हता, आठवड्यातून एकदा एकत्र बोलवायला सुरुवात केली. हेतू आरोग्याचं शिक्षण द्यायचा होता, पण रुग्णांना एकमेकांकडे बघूनच उभारी यायला लागली. मूल गेलेल्या आईबापांची कम्पॅशनेट फ्रेंड्स ही संस्था आज अनेक देशांत आहे, तिची सुरुवात १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत झाली. एकाच हॉस्पिटलमध्ये दोन मुलं गेली आणि तिथल्या तरुण धर्मगुरूच्या लक्षात आलं की हे दोन आईबाप एकमेकांना जो आधार देतायत तो आपण देऊ शकत नाही.

आता टायमर. पांढरा प्लास्टिकचा, मागे लोहचुंबक, एका कोपऱ्याला तडा गेलेला, असा तो ताईंच्या खुर्चीच्या हातावर असतो. ताई म्हणजे आमच्या फॅसिलिटेटर, ग्रुप चालवणाऱ्या, स्वतः या वाटेने गेलेल्या, रीतसर ट्रेनिंग घेतलेल्या. तुम्ही बोलायला लागलात की बटण दाबतात आणि चार मिनिटांनी तीनदा टीं टीं टीं होतं. पहिल्यांदा बोललो तेव्हा सुरुवात कुठून करावी यातच माझी तीन मिनिटं गेली, आणि त्याच्या फोनबद्दल सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात ते वाजलं. मी गप्प बसलो. घरी जाताना ठरवलं की परत जायचं नाही. माणूस भाऊ गेल्याचं सांगतोय आणि मध्ये यंत्र वाजतं, काही माणुसकी आहे की नाही. पुढच्या मीटिंगला गेलो तो फक्त ताईंना हे सांगायला. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या आज नुसते बसा, हवं तर पुढच्या वेळी बोला.

तिसऱ्या वेळी मी घरूनच ठरवून गेलो. एका मिनिटात सांगितलं की मी त्याच्या नंबरचा रिचार्ज दर महिन्याला करतो, तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला तर मला सहन होणार नाही. मग गप्प बसलो. इथला नियम आहे की कुणी सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. उरलेली तीन मिनिटं सगळे नुसते बसून होते. ती शांतता मी कधी विसरणार नाही. आतापर्यंत ज्याला ज्याला हे सांगितलं होतं त्याने सोडून दे आता, पुढे बघ, असंच काहीतरी म्हटलं होतं. इथे कुणीच काही म्हटलं नाही.

मीटिंग संपल्यावर बाहेर पॅसेजमध्ये एका काकूंनी मला थांबवलं. त्यांना विचारून हे लिहितोय, बाकी कुणाचंच काही लिहिणार नाही. पर्समधून त्यांनी छोटी डबी काढली, त्यात त्यांच्या यजमानांचं कानाचं मशीन. म्हणाल्या, "तुम्ही रिचार्ज करता ना, मी याचा सेल बदलते. हे जाऊन दोन वर्षं झाली." एवढंच म्हणून डबी परत ठेवली आणि पर्सची चेन लावली. इर्विन यालोम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ग्रुप थेरपीत माणूस कशाने सावरतो त्याचे अकरा घटक मांडलेत, त्यातला एक म्हणजे हे फक्त माझ्याच बाबतीत होत नाहीये ही जाणीव. मी ते बरंच नंतर वाचलं. पण त्या पॅसेजमध्ये मला ते आधीच कळलं होतं.

तरी टायमरवरचा राग गेला नव्हता. दर वेळी मी त्या आकड्यांकडेच बघत बसायचो. दुसरा बोलत असतानाही माझं लक्ष तिकडेच, आता याचं वाजणार. दोनदा ताईंशी वाद घातला की रडणाऱ्या माणसाला एक मिनिट जास्त दिलं तर काय बिघडतं.

मध्ये एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी, कारण ग्रुप मिळाला की सगळं झालं असं मला वाटत होतं आणि ते तसं नाही. या ग्रुपमधल्या माझ्या चौथ्या महिन्यात ताईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या की तुम्ही एखाद्या थेरपिस्टकडेही जा. मला वाटलं हाकलतायत. मी रात्री तीनला उठून बसत होतो, भावाच्या घराच्या रस्त्याने जाणं बंद केलं होतं, चार किलोमीटर वळसा घालून जायचो, आणि ग्रुपमध्ये दर वेळी तेच तेच वाक्य बोलत होतो हे मला कळलंच नव्हतं. त्यांना दिसलं. सपोर्ट ग्रुप म्हणजे थेरपी नव्हे. ग्रुप सोबत करतो, निदान आणि उपचार हे त्याचं काम नाही. दुःख दीर्घकाळ तितकंच तीव्र राहून रोजचं जगणं अडलं तर तो आता मान्य आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या यादीत मोठ्या माणसांसाठी बारा महिने अशी मर्यादा आहे. मला ते निदान लागलं नाही. पण गेलो ते बरं झालं. आणि जगावंसं वाटत नाही, स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येत असतील तर ग्रुपच्या वाराची वाट बघू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे जा.

थेरपिस्टने मला एक गोष्ट सांगितली ती फार उपयोगी पडली. श्ट्रोब आणि शूट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलंय की दुःखातला माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावत असतो, कधी गेलेल्या माणसात बुडतो, कधी पुढची कामं हातात घेतो, आणि हे असं येणंजाणंच नॉर्मल आहे. मी ज्या दिवशी त्याच्या बँकेच्या फाइली लावत होतो आणि रडू येत नव्हतं म्हणून स्वतःला दगडाचा समजत होतो, तो दिवसही त्यातलाच होता. रिचार्ज बंद करा असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. भावाच्या रस्त्याने मात्र आता जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी कोपऱ्यावर लावून थोडा वेळ बसलो होतो.

आता मागचा रविवार. टायमरची स्क्रीन कोरी, सेल संपलेला. मला मनातून बरं वाटलं. ताई म्हणाल्या की आज अंदाजाने घेऊ, प्रत्येकाने स्वतःच भान ठेवा. पहिले जे बोलायला लागले ते पंचवीस मिनिटं बोलले. काय बोलले ते त्यांचं आहे. गरज असेल त्यांना, माझी त्याबद्दल तक्रार नाही. मध्ये कुणी बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे कुणी थांबवलं नाही, ताईंनी दोनदा हळूच नाव घेतलं पण त्यांना ते ऐकूच गेलं नाही. दाराजवळच्या खुर्चीत एक मुलगी होती, पहिल्यांदाच आलेली. मांडीवर वहीचं पान, चार घड्या घातलेलं. पाचेक मिनिटांनी तिने ते उघडलं, वाचलं, परत घडी घातली. पुन्हा उघडलं. तिसरा माणूस बोलून झाला आणि तास संपला. तिने ते पान आणखी एक घडी घालून खिशात टाकलं आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. ताई मागे धावल्या.

आम्ही अकरा जण होतो. अकरा गुणिले चार म्हणजे चव्वेचाळीस मिनिटं, सुरुवातीला नियम सांगायला आणि शेवटी शांत बसायला थोडा वेळ, झाला तास. इतका साधा हिशोब, आणि सात महिन्यांत मी तो एकदाही केला नाही. पैशाचा हिशोब मी बसल्या जागी करतो. वेळेचा मात्र फक्त माझ्या चार मिनिटांचाच केला. तो टायमर माझ्यासाठी वाजतच नव्हता, तो पुढच्या माणसासाठी वाजत होता.

पण त्या आवाजाबद्दल मी अजूनही ठाम आहे. मर्यादा हवी, पण तो टीं टीं टीं नको. रडताना माणूस दचकतो, शब्द तुटतो, आणि काही जण पुन्हा कधीच ते वाक्य पुरं करत नाहीत. ताईंना म्हटलं की वाळूचं घड्याळ ठेवा, चार मिनिटांचं मिळतं, वाळू संपत आली ते बोलणाऱ्याला दिसतं आणि तो स्वतः आवरतं घेतो. या वेळी त्यांनी हो म्हटलं. मी आणून ठेवलंय, घरी तीनदा मोजून बघितलं, चार मिनिटं पाच सेकंद भरतात.

ताईंनी त्या मुलीला फोन केला होता. येते म्हणाली आहे. रविवारी सुरुवात तिच्यापासून करायचं ठरलंय.